विचारून नव्हे, मोजून

आमच्या अतिदक्षता विभागात माणसाला नावाने हाक मारत नसत. गावाने मारत. ही डॉक्टरांची पद्धत. मी देवबागची, म्हणून मी 'देवबाग'. वॉर्डबॉय तळेऱ्याचा, म्हणून तो 'तळेरे'. "देवबाग, नळी धर. तळेरे, पाय धर." बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटायचं, आत कोणी एसटीचा कंडक्टर ड्युटीवर आहे.

ते स्वतः वालावलचे. पण त्यांना 'वालावल' म्हणायची कोणाची छाती नव्हती. ते फक्त 'डॉक्टर'. भूलतज्ज्ञ म्हणून आमच्या रुग्णालयात आले आणि ऑपरेशन थिएटरपेक्षा शेजारच्या सहा खाटांच्या आयसीयूतच जास्त रमले. भूल द्यायला बोलावलं की कपाळाला आठी. "झोपवूक काय, कोणय झोपवीत. जागा करूचा कठीण." असं पुटपुटत जायचे आणि काम संपवून धावत परत यायचे.

त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप क्वचित असायचा. शिंप्याची पिवळी टेप मात्र कायम. तीही साधी नाही, दोन टेपा जोडून शिवलेली. शिंप्याची टेप साठ इंचांची असते, आणि डॉक्टरांचं म्हणणं, "माणूस साठ इंचात संपणा नाय." कुडाळच्या बाजारातल्या शिंप्याकडून त्यांनी ती शिवून आणली होती. जोडावर लाल दोऱ्याची दुहेरी टीप होती.

पेशंट आत आला की हे आधी काय करायचे? नाडी नाही, बीपी नाही. घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजायचे. त्या मिनिटात समोर जिल्हाधिकारी उभा असला तरी त्याला उत्तर मिळत नसे. मग टेप काढायची आणि टाळूपासून टाचेपर्यंत उंची मोजायची. आडव्या माणसाची, त्याचे गुडघे दाबून. नवीन आलेल्या मला पहिल्या दिवशी वाटलं, ह्यांना वेड लागलंय. हा माणूस धापा टाकतोय आणि हे त्याच्या सदऱ्याचं माप घेतायत!

"हसतंस कित्याक?" त्यांनी विचारलं.

"हसले नाही, डॉक्टर."

"हसलंस. ऐक. ह्या मशीनीतून किती वारो मारूचो, ता कशावर ठरता?"

"वजनावर," मी म्हटलं. मला तेव्हा आपण फार हुशार आहोत असं वाटायचं.

"भात खाऊन पोट सुटता. फुफ्फुस सुटणा नाय. फुफ्फुस माणसाच्या उंचीवर आसता. उंची चुकली तर वारो चुकलो. आणि ती कोणाक इचारूची नाय. मोजूची. दोनदा."

दोनदा म्हणजे दोनदाच. एकदा मोजली तर ते कागदाकडे बघतसुद्धा नसत.

काही शब्दांवर त्यांचा दात होता. 'सिरियस' हा शब्द आमच्याकडे बंद होता. कोणी म्हटलं "डॉक्टर, चार नंबर सिरियस आहे," की ते शांतपणे विचारायचे, "सिरियस म्हणजे किती? आकडो सांग." 'बहुतेक' आणि 'साधारण' हे शब्द ऐकले की डोळे मिटून घ्यायचे. एकदा तळेरे त्यांना म्हणाला, "डॉक्टर, चाय साधारण गरम आसा," तर त्यांनी तो चहा घेतलाच नाही.

आणि सलाईन. आमच्या भागातल्या माणसाला सलाईनची बाटली टांगलेली दिसली नाही, तर आपल्यावर उपचार चालू आहेत असं वाटतच नाही. एक म्हातारे गृहस्थ न्यूमोनियाने आले, छातीत पाणी भरलेलं, बोलताना तीन ठिकाणी थांबायचे, पण हट्ट एकच. "सलायन लावा हो डॉक्टरानू. दोन बाटले तरी लावा. इतक्या लांबसून इलंय."

"तुमच्या छातीत आधीच पाणी भरला हा," डॉक्टर म्हणाले. "बुडणाऱ्या माणसाक वरसून आणखी पाणी घालतत खंय?"

म्हातारे तीन दिवस रुसून होते. चौथ्या दिवशी श्वास मोकळा झाला, तेव्हा म्हणाले, "बाटलो लावलो असतो तर कालच घराक गेलो असतंय." डॉक्टर एवढे हसले की त्यांना खुर्ची घ्यावी लागली.

मात्र ते रागावले की मालवणी बंद व्हायची. राग वाढत जाईल तसं मराठी शुद्ध होत जायचं. 'तू'चं 'तुम्ही' झालं की आम्ही सावध व्हायचो, आणि 'तुम्ही'चं 'आपण' झालं की तळेरे हळूच लिननच्या खोलीत निघून जायचा. आरडाओरडा त्यांनी कधी केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. त्या 'आपण'पेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

त्यांची एक गंमतही सांगते. सगळ्या जगाची उंची मोजणारा हा माणूस आपल्या अंगाला टेप लावू द्यायचा नाही. ठेंगणाच होता. खाटेच्या डोक्याशी नळी घालायला उभं राहताना पायाखाली लाकडी पाट घ्यायचा, आणि चपलेला कुडाळच्याच चांभाराकडून टायरचा दुहेरी तळ ठोकून घेतलेला. आमच्या स्टाफची आरोग्य तपासणी झाली तेव्हा स्वतःच्या कागदावर त्यांनी स्वतःच लिहिलं, पाच फूट सहा इंच. तळेरे म्हणाला, "डॉक्टर, टेप लावया?" डॉक्टर म्हणाले, "तळेरे, पाच नंबरची बेडशीट बदल." विषय संपला.

आता मुख्य गोष्ट. ती माझ्या चुकीची आहे, आणि ती तुम्ही दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

मला आयसीयूत येऊन चार महिने झाले होते. चतुर्थी बारा दिवसांवर होती. भातातली बेणणी, म्हणजे तण काढणं, चालू होती आणि लेप्टोचे पेशंट येत होते. चिखलात अनवाणी उभं राहायचं, पायाला एखादी जखम असायची, उंदराच्या मुतातले जंतू पाण्यातून तिथे शिरायचे. बहुतेकांचं ताप आणि पायाच्या पोटऱ्या दुखणं, एवढ्यावर निभावतं. एखाद्याला मात्र तो ताप फुफ्फुसात उतरतो.

हा एखादा म्हणजे एक शेतकरी, चाळिशीचा. काळा, बांधेसूद, मान जाडजूड. थुंकीत रक्त आलं म्हणून सकाळी आणला आणि तासाभरात त्याला नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. डॉक्टर त्या वेळी थिएटरमध्ये अडकले होते, एका बाईचं सिझेरियन चालू होतं. आयसीयूत मी होते आणि नवीन आलेला तरुण डॉक्टर होता. नळी त्याने व्यवस्थित घातली. मग मला म्हणाला, "सिस्टर, उंची?"

टेप डॉक्टरांच्या गळ्यात, थिएटरमध्ये. दुसरी होती कपाटात, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे, ते शोधायला लागलं असतं. पेशंटचे हात बांधायचे होते, औषधं भरायची होती. मी दार उघडलं. बाहेर त्याची बायको आणि म्हातारी आई उभ्या होत्या.

"उंची किती गो ह्यांची?" मी विचारलं.

बायकोने सासूकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "पाच-आठ."

मी लिहिलं, पाच फूट आठ इंच. त्यावर आकडा काढला, दर श्वासाला चारशे दहा मिलिलिटर. मशीन लावलं. दार बंद केलं. झालं माझं काम!

दोन तासांनी डॉक्टर थिएटरमधून आले. तोवर ऑक्सिजन शंभर टक्के करूनही रक्तातला आकडा ऐंशीच्या घरात उतरला होता, आणि मशीन दर दोन मिनिटांनी ओरडत होतं. त्यांनी एक बटण दाबून फुफ्फुसातला दाब पाहिला. तिसाच्या आत असावा लागतो, तो छत्तीस होता. मग त्यांनी कागद उचलला, पेशंटकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "ही उंची आपण मोजलीत का?"

तळेरे लिननच्या खोलीकडे वळला.

"त्यांच्या पत्नीने सांगितली," मी म्हटलं.

त्यांनी गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिली. मी मोजली. पुन्हा मोजली. दोन्ही वेळा पाच फूट तीन इंच. जाड मान आणि रुंद खांदे बघून कोणालाही तो उंच वाटला असता, आणि मला तर आडव्या माणसाकडे नीट बघायलाही सवड नव्हती.

त्यांनी मशीनवरचा आकडा तीनशे चाळीसवर आणला. सत्तर मिलिलिटरचा फरक. चहाच्या अर्ध्या कपाएवढा वारा. मिनिटाला पंचवीस वेळा, दोन तास, मी त्या माणसाच्या आजारी फुफ्फुसात जास्तीचा कोंबत होते. मला तिथेच रडू फुटलं.

"रडूचा नंतर," डॉक्टर म्हणाले. मालवणीवर आले होते, म्हणजे राग संपला होता. "आधी कागदावर लिव. उंची विचारून लिहिली, मोजली नाही. वेळ घाल. सही कर."

मी लिहिलं. माझ्या हाताने, माझ्या अक्षरात. तो कागद आजही फाइलीत असेल.

मग त्यांनी बायकोला आत बोलावलं. एकटीला. ती दाराशीच उभी राहिली, पदर मुठीत.

"पाच-आठ कोणी सांगलेला तुका?"

"पत्रिकेत लिवलेली," ती म्हणाली.

हळूहळू तिच्याकडून कळलं ते असं. लग्न जुळवणाऱ्याने मुलाची उंची पाच इंच वाढवून लिहिली होती. मांडवात तिच्या माहेरच्यांच्या ते लक्षात आलं. मामा उठून उभा राहिला, फसवणूक झाली म्हणाला. सासूने ठासून सांगितलं, पाच-आठच आहे, मुलगा वाकून उभा आहे. तेव्हा हिने अंतरपाटाआडून सांगितलं, "मामा, माका उंची पसंत आसा. बसा खाली." त्या दिवसापासून सासूच्या समोर कोणी विचारलं तर उंची पाच-आठ. सोळा वर्षं.

"सासू बाजूक होती," ती म्हणाली. "तोंडातसून तांच इला. माझ्यामुळे मरतलो काय हो?"

मला वाटलं आता हिला 'आपण' ऐकावं लागणार. डॉक्टरांनी मात्र स्टूल ओढून तिच्यासमोर ठेवलं.

"तुझ्यामुळे नाय. इचारणाऱ्याची चूक आसा," ते म्हणाले. "तू लग्न राखलंस, ता बरा केलंस. आता घोव राखूया."

राखायचा कसा, ते त्यांचं ठरलं होतं. पेशंटला उपडा घालायचा. पोटावर, सोळा तास. मग आठ तास उताणा, मग पुन्हा उपडा. आता सगळीकडे हे करतात आणि सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तेव्हा आमच्याकडे ते कोणी पाहिलेलं नव्हतं. नळी, सलाईनच्या सुया, लघवीची पिशवी, सगळं सांभाळून बेशुद्ध माणूस उलटा करायचा म्हणजे पाच माणसं लागतात. एकाचा हात चुकला आणि नळी निसटली तर दोन मिनिटांत खेळ खलास.

बाहेर तोवर मुंबईहून पेशंटचा मोठा भाऊ येऊन पोचला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन.

"डॉक्टर, मी भावाला गोव्याला न्यायचं ठरवलंय," तो म्हणाला. "ॲम्ब्युलन्स खाली उभी आहे."

यात त्याचं काही चुकत नव्हतं. आमच्या जिल्ह्यात हाताबाहेर गेलेला पेशंट गोव्याला जातो, आणि आमचे डॉक्टरही अनेकांना वेळेवर पाठवायचे. म्हातारी त्याच्या बाजूने होती. "तेका हयसून काढ रे. हे उपडो घालूक बघतत. जित्या माणसाक कोणी उपडो घालतत? आमच्यात मेलेल्याक पण उताणोच ठेवतत."

"म्हणानच आये," डॉक्टर म्हणाले. "मेलेल्याक उताणो ठेवतत. तुझो झील जितो आसा. हेका उपडो घालूया."

ते भावाकडे वळले. "न्हेवचो तर न्हे. मी अडवणा नाय. पण आत ये आणि बघ."

त्यांनी त्याला खाटेशी नेलं. पेशंटला कुशीवर करण्यापुरता मी नुसता खांद्याला हात लावला, तर ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याऐंशीवरून चौऱ्याहत्तरवर आला आणि परत चढायला पाच मिनिटं लागली. भाऊ तो आकडा बघत उभा होता.

"इतक्यानच असा जाता," डॉक्टर म्हणाले. "हायवेचे खड्डे मोज आता. गोवा सोड, बांद्यापर्यंत पण पोचणा नाय."

"मग औषध काय? इथे काय आहे तुमच्याकडे?"

"लेप्टोचा औषध चालू आसा. फुफ्फुसाक औषध नाय." मग त्यांनी त्याला विचारलं, "आवशीन केलेलो घावणो बघलंस मा?"

भाऊ चक्रावला. आईने केलेल्या तांदळाच्या धिरड्याचा इथे काय संबंध? "हो."

"बरो घावणो कसो? सगळीकडे जाळी. बऱ्या माणसाचा फुफ्फुस तसाच. ह्या तापात ती जाळी बुजता, पाठीकडे पीठ बसता. तुझ्या भावाची वायच जाळी उरली हा, छातीच्या बाजूक. मशीन मारता तो वारो सगळो थयच जाता. जास्त मारलो तर ती पण फाटतली. उपडो घातलो काय पाठीकडची सुटूक लागता. फुफ्फुस आपणच बरा जाता रे. आपण तेका आणखी मारूचा थांबवूचा. इतकाच आमचा काम."

भाऊ खालच्या आवाजात म्हणाला, "वाचेल?"

"माका ठावक नाय," डॉक्टर म्हणाले. "पण माझ्याकडे चार माणसा आसत आणि पाच व्हयी. शर्टाचे हात वर कर."

भावाने फोन तळेरेकडे दिले आणि हात वर केले. पाचवा माणूस मिळाला.

नळी सांभाळायला खाटेच्या डोक्याशी कोण? मला वाटलं, तरुण डॉक्टर. सकाळच्या चुकीनंतर मला कोणी खाटेजवळ उभंही करणार नाही, अशी माझी खात्री होती.

"देवबाग," डॉक्टर म्हणाले, "डोक्याशी ये."

"मी नको, डॉक्टर."

"तुझो बापूस रापण ओढता मा?"

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. साठ-सत्तर माणसं दोन्ही टोकांनी ओढतात. "ओढतात," मी म्हटलं.

"सगळे आपापल्या मनान ओढतत?"

"नाही. एकाच्या आवाजावर."

"मगे? डोक्याशी नळी धरता तेचोच आवाज. बाकीच्यांनी फक्त ऐकूचा. ह्यांच्यात रापण बघलेली तू एकटीच. आवाज काढ."

ते स्वतः हात लावणार नव्हते. पाटावर उभे राहून ते आकडे वाचणार होते. मी नळी दोन बोटांत धरली. आवाज फुटत नव्हता. मला बाबांची आठवण झाली. ते घरात बोलले तर शेजारच्या खोलीत ऐकू जात नाही आणि वाळूवर उभे राहिले की तारकर्लीपर्यंत ऐकू जातं. मी पोटातून ओरडले, "धरा!"

चार जोड्या हातांनी चादर धरली.

"कडेक घेवा!"

तो सरकला.

"फिरवा!"

आणि तो फिरला. नळी हलली नाही. भावाच्या कपाळावरचा घाम टपकन चादरीवर पडला. डॉक्टर वाचत होते, "ब्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर. एक्याऐंशी." मग मिनिटभर आकडा तिथेच. मग त्याच स्वरात, "सत्त्याऐंशी. नव्वद."

भाऊ तोंड झाकून भिंतीकडे वळला. त्याने ॲम्ब्युलन्स परत पाठवली.

त्यानंतर चार दिवस आम्ही त्या माणसाला उलटसुलट करत होतो. प्रत्येक वेळी माझ्या आवाजावर. प्रत्येक वेळी भाऊ हात वर करून हजर. तिसऱ्या दिवशी आकडा पुन्हा कोसळला आणि तरुण डॉक्टर म्हणाला, "सर, थोडा वारा वाढवू या? फक्त आजच्या दिवस?" डॉक्टर म्हणाले, "नाय. कमी आकडो बघूक माका पण भय वाटता. तरी नाय." आणि खुर्ची ओढून त्या मशीनच्या समोर बसले, कोणी बटणाला हात लावू नये म्हणून. तिथेच जेवले. जिद्द म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीकडे बघून कळलं. काहीतरी करत सुटणं सोपं असतं. काही न करता ठाम बसून राहायला जास्त छाती लागते.

पाचव्या दिवशी ऑक्सिजन चाळीस टक्क्यांवर आला. नवव्या दिवशी नळी निघाली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तो खाटेवर बसून पेज प्यायला, आणि पहिलं वाक्य बोलला ते बायकोला, "बेणणी झाली?"

म्हातारीने डब्यातून घावणे आणले. डॉक्टरांनी एक उचलून खिडकीच्या उजेडात धरला, जाळी नीट बघितली आणि मगच खाल्ला. म्हातारी जाताना त्यांना हळूच म्हणाली, "डॉक्टरानू, कागदार उंची किती लिवल्यात?"

"कागद मी कोणाक दाखवणा नाय," डॉक्टर म्हणाले.

सगळेच असे वाचले असं नाही. किती तरी गेले. गेलेल्या माणसाच्या घरच्यांना ते स्वतः सांगायला जायचे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टेप गळ्यात, पुन्हा घड्याळाकडे नजर. निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमालाही आले नाहीत. टेप मात्र आयसीयूच्या भिंतीला खिळा ठोकून त्यावर टांगून गेले.

त्याला काही वर्षं झाली. मी आता तिथली इन्चार्ज आहे. मागल्या वर्षी पावसाळ्यात एक रिक्षा दारात थांबली आणि त्यातून डॉक्टर उतरले. एकटेच. साधा फ्लू म्हणून पाच दिवस वालावलला घरी बसले होते. ओठ निळे. मी धावत गेले तर हाताने थांबवून चालत आत आले आणि दोन नंबरच्या खाटेवर बसले. मी त्यांचे श्वास मोजले. पूर्ण मिनिट. चव्वेचाळीस.

दुपारपर्यंत मास्कने भागेना. आमच्या आताच्या डॉक्टर सोलापूरकडच्या, धीट मुलगी. नळी घालायची तयारी करताना त्यांनी आदराने विचारलं, "सर, तुमची उंची?"

स्टाफच्या कागदावरचं ते पाच-सहा मला पाठ होतं. ह्या माणसावर माझा जितका विश्वास होता तितका जगात कोणावर नव्हता. ते बोलले असते तर मी लिहिलं असतं का? मला खरंच सांगता येत नाही.

त्यांनी मास्क जरासा बाजूला केला. "माका इचारू नको," ते म्हणाले. दम घेतला. भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट केलं. "देवबाग. मोज."

मी टेप काढली. चपला काढल्या. गुडघे दाबले. टाळूपासून टाचेपर्यंत. लाल दोऱ्याच्या जोडाच्या पुढे जेमतेम अडीच इंच. मी वर पाहिलं. त्यांनी दोन बोटं दाखवली. दोनदा. मी पुन्हा मोजली. पाच फूट अडीच इंच.

मी आकडा मोठ्याने वाचला नाही. कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो बघितला, मान हलवली आणि डोळे मिटले. पाच-सहा लिहिलं असतं तर दर श्वासाला पन्नास मिलिलिटर जास्त वारा गेला असता.

त्याच संध्याकाळी त्यांना उपडं घातलं. पाच माणसं होती, तळेरे पायाशी रडत होता. मी डोक्याशी नळी धरून उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना गावाने हाक मारली. "वालावल," मी म्हटलं, "घाबरू नकात. माझो आवाज आसा." झोपेच्या औषधात त्यांना ऐकू आलं नसणार. मग मी ओरडले, "धरा!"

बावीस दिवस लागले. तिसऱ्या आठवड्यात एकदा आकडा फार कोसळला. मी खुर्ची ओढून मशीनच्या समोर बसले आणि उठले नाही.

दोन महिन्यांनी ते तपासणीसाठी बाह्यरुग्ण विभागात आले. बारीक झालेले, जिना चढताना दोनदा थांबलेले, पण पायात तीच टायरच्या दुहेरी तळाची चप्पल. केसपेपरच्या खिडकीवर नवीन मुलगी होती. मी शेजारी उभी होते.

"नाव? वय? वजन?" तिने विचारलं. "उंची?"

"पाच-सा," डॉक्टर खणखणीत म्हणाले. आणि माझ्याकडे बघितलं.

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग शंकेने माझ्याकडे पाहिलं.

"लिही," मी म्हटलं.